मंचकिनलँडमध्ये खरंच कोण राहत होतं

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या डग्लस विमान कारखान्यात रुथ डुचिनी नावाची एक बाई रिव्हेट मारायच्या कामाला होती. उंची चार फुटांच्या आसपास. विमानाच्या आत ज्या जागेत बाकीच्यांचा खांदासुद्धा शिरायचा नाही तिथे ती सहज शिरायची आणि काम करून बाहेर यायची. या कामाचा तिला आयुष्यभर अभिमान होता, सिनेमात चमकल्याच्या अभिमानापेक्षाही जास्त, असं तिला ओळखणाऱ्यांनी सांगितलंय. आणि तो सिनेमा कुठला, तर १९३९चा 'द विझर्ड ऑफ ऑझ', ज्यात डोरोथी नावाच्या मुलीचं घर वावटळीत उडून एका चेटकिणीच्या अंगावर पडतं आणि मग झुडपाआडून, फुलांमागून रंगीबेरंगी कपडे घातलेली छोटी छोटी माणसं हळूहळू बाहेर येतात. मंचकिन. रुथ त्या गर्दीतली एक होती, गावकरीण. नावाने ओळखावं असं पात्र तिच्या वाट्याला आलंच नव्हतं.

हा सिनेमा मी लहानपणी पाहिला तेव्हा ती सगळी शाळकरी पोरं आहेत असंच मला वाटायचं, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना आजही तसंच वाटतं. खरी गोष्ट अशी की त्यात साधारण डझनभर मुली गर्दी भरायला घेतल्या होत्या, बाकी सगळी मोठी माणसं. एमजीएम स्टुडिओने १२४ कमी उंचीचे कलाकार जमवायचं कंत्राट दिलं होतं. १२४! १९३८ साली, फोन आणि तारेच्या जमान्यात, एका देशात इतके कलाकार शोधायचे, त्यांना कॅलिफोर्नियात आणायचं, ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि गाण्याच्या तालावर नाचवायचं. ही माणसं आली कुठून, त्यांना पैसे किती मिळाले, आवाज कुणाचा होता आणि नंतर त्यांच्याबद्दल काय काय कंड्या पिकवल्या गेल्या हे वाचत गेले तसा मला राग येत गेला, म्हणून हे एवढं सगळं लिहायला बसले.

कंत्राट मिळालं लिओ सिंगर नावाच्या माणसाला. हा मूळचा व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्याने तिथल्या करमणुकीच्या बागेत 'लिलिपुटश्टाट' म्हणून एक अख्खं छोटं गाव उभं केलं होतं, ज्यात कमी उंचीची माणसं राहायची आणि लोक तिकीट काढून त्यांना बघायला यायचे. युद्ध सुरू झालं तसा तो आपली मंडळी घेऊन अमेरिकेत आला आणि तिथल्या नाटकगृहांमधून त्यांचे शो करायला लागला. गाणी, नाच, कसरती, घोडी, हत्ती, सगळं. त्याच्या कंपनीचं नाव इतकं झालं होतं की स्टुडिओला दुसरं कुणी सुचलंच नसणार. पण त्याच्याकडे स्वतःची माणसं एवढी नव्हती. उरलेली देशभरातून गोळा करावी लागली, कुणी सर्कशीतून, कुणी जत्रेतून, कुणी अशी की ज्यांनी आयुष्यात कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता. बरेच जण न्यूयॉर्कहून बसने आले, म्हणजे अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसमध्ये.

त्यातला एक कार्ल स्लोव्हर. त्या वेळच्या हंगेरीतला. बाप धिप्पाड, सहा फुटांच्या वर, आणि पोरगं वाढेना. मग बापाने आणि डॉक्टरांनी मिळून त्याला वाढवायचे जे जे उपाय केले ते वाचवत नाहीत, ताणायच्या यंत्रावर बांधणं त्यातलंच एक. काहीच लागू पडलं नाही तेव्हा नऊ वर्षांच्या त्या पोराला बापाने एका फिरत्या शोवाल्यांच्या हवाली केलं. तिथून बर्लिन, मग सिंगरची कंपनी, मग अमेरिका, मग ऑझ. बापाने असं वाऱ्यावर सोडलेला हा माणूस ९३ वर्षं जगला आणि २०११ मध्ये गेला, आणि शेवटपर्यंत ऑझच्या कार्यक्रमांना हजेरी लावत होता.

आणि एक माइनहार्ट राबे. याची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. सिनेमात तो तपासणी अधिकारी आहे, कोरोनर, मोठी वळवलेल्या कडांची टोपी, हातात लांबलचक कागदाची गुंडाळी, ती उलगडून तो जाहीर करतो की चेटकीण खरोखरच मेलेली आहे. जेमतेम १३ सेकंदांचं काम. हा विस्कॉन्सिनमधल्या शेतकरी घरातला, जर्मन वंशाचा, आणि विशीला टेकेपर्यंत त्याला हेच माहीत नव्हतं की जगात आपल्यासारखं दुसरं कुणी असतं. १९३३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात 'मिजेट व्हिलेज' नावाचा एक भाग होता, तिथे पहिल्यांदा त्याला आपल्या उंचीची माणसं भेटली. मग पुढे दर सुट्टीत तसली कामं करून त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठातून अकाउंटिंगची डिग्री घेतली. १९३७ साली हातात डिग्री घेऊन हा माणूस नोकरी मागायला फिरतोय आणि त्याला सांगितलं जातंय की तुझी जागा सर्कशीत आहे. अकाउंटिंगला उंची कशाला लागते हो?

शेवटी ऑस्कर मायर या मांस विकणाऱ्या कंपनीने त्याला घेतलं, अकाउंट्सच्या नोकरीत, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा जाहिरातीसाठी फार उपयोगी आहे. तर शेफचा पोशाख घालून 'लिटल ऑस्कर' म्हणून तो सॉसेजच्या आकाराच्या गाडीतून गावोगाव फिरायला लागला, आणि हे काम त्याने जवळजवळ तीस वर्षं केलं. ऑझसाठी त्याने मधे रजा काढली होती, बस्स. महायुद्धात सिव्हिल एअर पट्रोल या स्वयंसेवी वैमानिकांच्या दलात तो विमान चालवायचा आणि शिकवायचाही. मागून बिझनेसची मास्टर्स डिग्रीपण घेतली. आणि जगाला तो माहीत आहे तो १३ सेकंदांच्या त्या टोपीसाठी.

इथे एक डॉक्टरी गोष्ट सांगायलाच हवी कारण तिच्याशिवाय या कास्टिंगचं खरं रहस्य कळत नाही. मंचकिन नीट बघा, त्यातले बरेच जण हातापायाने अगदी प्रमाणशीर आहेत, म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत. याचं कारण त्यातल्या अनेकांना पिट्युटरी ग्रंथीचा त्रास होता, वाढीचं हार्मोनच तयार होत नव्हतं. उंची कमी असण्याची कारणं पुष्कळ असतात, आणि जास्त करून आढळतं ते म्हणजे हाडांच्या वाढीचा जनुकीय दोष, ज्यात धड नेहमीएवढं आणि हातपाय आखूड. पण सिंगरसारख्या शोवाल्यांना प्रमाणशीर माणसंच जास्त हवी असायची, प्रेक्षकांना ती 'गोड' वाटतात म्हणून. म्हणजे मंचकिनलँडमध्ये आपल्याला जे दिसतं ती आधीच चाळणी लावून निवडलेली माणसं आहेत. राबे तर सिनेमानंतरही वाढत राहिला, शूटिंगच्या वेळी साडेतीन फूट आणि पुढे साडेचार फुटांच्या वर गेला. १९५८ साली वाढीच्या हार्मोनचा पहिला यशस्वी वापर झाला, १९८५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलेलं औषध म्हणून मिळायला लागलं, आणि त्यामुळे जिथे उपचार पोचले तिथे अशी माणसं आता फारशी दिसतच नाहीत. १९३८ सारखं कास्टिंग आज कुणी कितीही पैसे ओतले तरी होणार नाही.

आता पैशांचं.

ही गोष्ट नेटवर तुम्ही वाचली असेल, मंचकिनांना आठवड्याला ५० डॉलर आणि डोरोथीच्या कुत्र्याला १२५. कुत्र्याचं, म्हणजे कुत्रीचं, खरं नाव टेरी, आणि तिचे पैसे तिच्या ट्रेनरला जायचे. मंचकिन झालेल्या अनेकांनी हे ५० डॉलर स्वतःच सांगितलेत, आणि स्टुडिओ माणशी १०० देत होता, अर्धे सिंगरच्या खिशात गेले, हेही सांगितलंय. डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडला आठवड्याला ५००. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की कुणाचंही डोकं फिरेल.

पण मला यात अजून एक आकडा ठेवावासा वाटतो जो कुणी ठेवत नाही. मंचकिनलँडचं शूटिंग सुरू झालं त्याच्या काही आठवडे आधी, २४ ऑक्टोबर १९३८ पासून, अमेरिकेत पहिल्यांदा देशपातळीवर किमान वेतन लागू झालं. तासाला २५ सेंट, आठवड्याला ४४ तास. म्हणजे आठवड्याचे ११ डॉलर. मंदीचा काळ, लाखो लोक बेकार, आणि त्यात जत्रेत उभं राहून पैसे मिळवणाऱ्या माणसाला आठवड्याला ५० डॉलर हातात येत होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी म्हणूनच तक्रारीचा सूर कधी लावला नाही, उलट आयुष्यातली सगळ्यात चांगली कमाई होती असं म्हणाले. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. त्यांना लुबाडलं गेलं, आणि त्यांना जगात दुसरीकडे कुठेही याहून जास्त मिळत नव्हतं, आणि हे दुसरं माहीत होतं म्हणूनच तर पहिलं इतकं सोपं झालं. अकाउंटंटला नोकरी नाकारणारे सगळे त्या ५० डॉलरच्या करारात भागीदार आहेत.

काम काही सोपं नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस, पहाटे मेकअपला हजर, विग, टकलाच्या टोप्या, जाड फेल्टचे कपडे. टेक्निकलरच्या, म्हणजे रंगीत चित्रणाच्या, कॅमेऱ्याला प्रचंड उजेड लागायचा, त्यामुळे वर दिव्यांचा भडिमार, आणि खाली त्या जाड कपड्यांत शंभरावर माणसं घामाघूम होऊन तोच नाच पुन्हा पुन्हा करतायत. चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन याच मंचकिनलँडच्या सेटवर भाजली, २३ डिसेंबर १९३८ ला, आगीच्या लोळात गायब व्हायचा शॉट चुकला आणि चेहरा आणि हात जळाला. असल्या सेटवर ही माणसं रोज उभी होती.

आणि एवढं करून आवाज त्यांचा नाहीच! मंचकिनांचा तो बारीक चिरका आवाज म्हणजे बहुतेक ठिकाणी स्टुडिओतले नेहमीचे गायक आहेत. गाण्याची व्यवस्था बघणाऱ्या केन डार्बीने गायकांना संथ लयीत गायला लावलं आणि रेकॉर्डिंग वेगाने वाजवलं, की आवाज चढतो आणि लय बरोबर बसते. कारण असं दिलं जातं की सिंगरच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी नीट येत नव्हतं, काही जण सुरात नव्हते. असेल. पण ज्यांना येत होतं त्यांचंही घेतलं नाही. सगळ्या मंचकिनांमधून स्वतःच्या आवाजात ऐकू येतात ते दोघंच, डोरोथीला घोडागाडीपाशी फुलं देणारे जोसेफ कोझिएल आणि फ्रँक कक्सी. दोन-चार ओळी. पुढच्या वेळी सिनेमा लागला तर तेवढ्या ओळींना आवाज वाढवून ऐका, तो साधा माणसाचा आवाज आहे, आणि मला तर त्या सगळ्या गोंगाटात तोच सगळ्यात सुंदर वाटतो.

नावांचं काय झालं ते तर विचारूच नका. शेवटच्या यादीत 'सिंगर मिजेट्स' एवढंच. १२४ माणसांना मिळून एक नाव आणि तेही मालकाचं. ज्यांचा सिंगरशी त्या महिन्यापुरताच संबंध आला होता तेही सिंगरचेच.

एमजीएमचा आधीचा इतिहास पाहिला की याचं नवल वाटत नाही. सहा-सात वर्षं आधी याच स्टुडिओत दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगने 'फ्रीक्स' बनवला होता, सर्कशीतल्या माणसांवरचा, आणि त्यात खरोखर सर्कशीत काम करणारी माणसं घेतली होती. मुख्य भूमिकेत हॅरी अर्ल्स, उंची साडेतीन फुटांहूनही कमी. मूळचा जर्मनीतला, खरं नाव कुर्ट श्नायडर. हा नुसता नट नव्हता. ज्या कथेवर तो सिनेमा बेतलाय ती ब्राउनिंगच्या नजरेला आणून दिली ती हॅरीनेच. म्हणजे हॉलिवूडच्या सर्वात गाजलेल्या, सर्वात बदनाम सिनेमांपैकी एकाची मूळ कल्पना एका कमी उंचीच्या नटाची, आणि ही गोष्ट किती जणांना माहीत असते सांगा. त्यातली गंमत म्हणजे सिनेमात त्याची वाग्दत्त वधू झालेली डेझी ही त्याची सख्खी बहीण.

शूटिंग सुरू झालं आणि स्टुडिओच्या कँटीनमध्ये बोभाटा झाला. ही माणसं समोर असली की आम्हाला जेवण जात नाही, अशी तक्रार. मग बहुतेकांना बाहेर तंबूत वेगळं जेवायला बसवलं. हॅरी, डेझी आणि जोडलेल्या जुळ्या हिल्टन बहिणी यांना आत यायची मुभा होती. पंगतीतून उठवणं हा काय अपमान असतो ते आपल्या मुलखात कुणाला समजावून सांगायला नको. १९३२ मध्ये सिनेमा आला, स्टुडिओने त्याला कापून कापून ६४ मिनिटांचा केला, अमेरिकेत पडला, आणि ब्रिटनमध्ये तर तीसेक वर्षं बंदी होती, १९६३ पर्यंत. हॅरी, डेझी आणि त्यांच्या दोन बहिणी ग्रेसी आणि टायनी पुढे 'डॉल' आडनाव लावून ऑझमध्ये आल्या, त्याच स्टुडिओत. मंचकिनांमधली तिघं जण डोरोथीला लॉलीपॉप द्यायला नाचत येतात ना, त्यातला एक हॅरी.

ऑझचं शूटिंग सुरू झालं त्याच वर्षी, १९३८ मध्ये, 'द टेरर ऑफ टायनी टाउन' नावाचा एक वेस्टर्न आला होता, काउबॉय, व्हिलन, दारूचा अड्डा, सगळं काही, फक्त सगळे कलाकार कमी उंचीचे आणि घोड्यांच्या जागी शेटलंड पोनी. त्यातले अनेक जण लगेच पुढे मंचकिन झाले. सिनेमा वाईट आहे, लांबून हसायला बनवलेला आहे, मी पूर्ण पाहिलाय आणि पुन्हा बघणार नाही. पण त्यात हिरो झालेला बिली कर्टिस बघा. घोड्यावर बसणं, मारामारी, हिरॉइनकडे बघणं, सगळं मन लावून, खऱ्या हिरोसारखं. पस्तीस वर्षांनी, १९७३ साली, क्लिंट ईस्टवूडच्या 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर'मध्ये त्याला शेवटी एक धड भूमिका मिळाली, मॉर्डेकाय, ज्याला गावाचा शेरीफ आणि मेयर दोन्ही करतात. मधली बरीच वर्षं तो मुखवट्याच्या आत, किंवा लहान मुलांचा डबल.

आणि आता त्या कंड्या. मंचकिन म्हणजे दारुडे, हॉटेलात धिंगाणा घालणारे, सेटवर बायकांच्या मागे लागणारे. हे आजही लोक हसत हसत सांगतात. याचा उगम कुठे तर १९६७ साली जॅक पारच्या टीव्ही कार्यक्रमात खुद्द ज्युडी गार्लंडने तसं रंगवून सांगितलं, सगळे खदाखदा हसले, आणि मग राईचा पर्वत झाला. निर्माता मर्व्हिन लेरॉयनेही आठवणींत तीच री ओढली. १९८१ मध्ये तर त्यावर 'अंडर द रेनबो' नावाचा अख्खा सिनेमा निघाला. जेरी मॅरेनसारखे जे तिथे होते ते आयुष्यभर सांगत राहिले की अहो एक-दोघं पिणारे होते, बाकी आम्ही दिवसभर राबून झोपायचो, आणि त्या पैशात किती पिणार? कल्व्हर सिटीत ज्या हॉटेलात त्यातले बरेच जण उतरले होते ते आजही उभं आहे आणि टूरिस्ट आजही तिथे त्या धिंगाण्याचीच चौकशी करतात.

मला ज्युडीला वाईट म्हणायचं नाहीये. १६ वर्षांची पोर होती ती तेव्हा, स्टुडिओने तिचेही हालच केले, आणि मंचकिनांच्या आठवणीत ती फार चांगली आहे, ख्रिसमसला सही केलेले फोटो दिलेले त्यांनी जन्मभर जपले. पण टीव्हीवर टाळ्या मिळवण्यासाठी सांगितलेला एक किस्सा १२४ माणसांना चिकटतो आणि त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत जातो. दुसरी त्याहून भयंकर अफवा म्हणजे सिनेमाच्या एका दृश्यात मागे झाडाला एका मंचकिनने गळफास घेतलेला दिसतो. तो पक्षी आहे! सेट जिवंत वाटावा म्हणून प्राणीसंग्रहालयातून आणून सोडलेल्या मोठ्या पक्ष्यांपैकी एक, पंख पसरतोय. साफ केलेल्या नव्या प्रिंटमध्ये स्वच्छ दिसतं. कृपा करून तो व्हिडिओ फॉरवर्ड करू नका.

एक गोष्ट या सगळ्याच्या शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. सिंगरची माणसं, बरीचशी जर्मन-ऑस्ट्रियन, युरोपातून वेळेत बाहेर पडली होती. ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोझाव्हल्या गावचं ओव्हिट्झ कुटुंब पडलं नाही. ज्यू, दहा भावंडं, त्यातली सात कमी उंचीची, आणि त्यांचीही स्वतःची 'लिलिपुट' नावाची गाण्याबजावण्याची कंपनी होती, गावोगाव कार्यक्रम करायची. मे १९४४ मध्ये सगळ्यांना नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत नेलं, तिथे नाझी डॉक्टर मेंगेलेने प्रयोगांसाठी वेगळं काढलं. त्यांच्यावर जे केलं ते इथे लिहीत नाही. सातही जण जिवंत बाहेर आले, १९४९ मध्ये इस्रायलला गेले आणि तिथे पुन्हा स्टेजवर उभे राहिले. एकीकडे मंचकिन, एकीकडे हे. मधे फक्त बोटीचं एक तिकीट.

युद्धानंतर बदललं ते कुणी स्टुडिओवाल्याने बदललं नाही. बिली बार्टी, मूकपटांच्या काळापासूनचा बालकलाकार, त्याने १९५७ साली नेवाडातल्या रीनो गावात वीसेक कमी उंचीच्या माणसांना एकत्र बोलावलं आणि त्यातून 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही संघटना उभी राहिली, जी आज हजारो लोकांची आहे. डॉक्टर, नोकरी, लग्न, गाडीचे पेडल कसे उंच करून घ्यायचे, इथपासून सगळं. १९६५ च्या 'शिप ऑफ फूल्स'साठी मायकल डन ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला, मुखवटा नाही, जादू नाही, साधा माणूस म्हणून भूमिका.

पण बाकी कामं झाकलेलीच. 'कॅसाब्लांका'च्या शेवटी धुक्यात विमान उभं आहे ना, ते खरं नाही, लहान आकाराचं मॉडेल, आणि ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती मेकॅनिक म्हणून कमी उंचीची माणसं उभी केली होती. 'स्टार वॉर्स'मधला आर-टू-डी-टू हा रोबोट, त्याच्या आत केनी बेकर, ३ फूट ८ इंच. त्याने आधी नाहीच म्हटलं होतं, कारण मित्र जॅक पर्व्हिसबरोबरची त्याची विनोदी जोडी तेव्हा कुठे टीव्हीवर चालायला लागली होती आणि तो पार्टनरला सोडून जायला तयार नव्हता. मग दोघांनाही घेतलं. 'इटी'च्या आतही माणसं होती, पॅट बिलन आणि टमारा डी ट्रो, आणि त्यांच्याबरोबर पाय नसलेला एक १२ वर्षांचा मुलगा हातांवर चालायचा. आपण रडलो ते त्यांच्या चालीवर.

आणि यात आपल्याकडची मुळं असलेले दोघं आहेत, दोघंही नैरोबीत जन्मलेले. किरण शाह, उंची १२६.३ सेंटिमीटर, सर्वात कमी उंचीचा व्यावसायिक स्टंटमन म्हणून गिनीजमध्ये नाव. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये छोट्या चणीचा नायक फ्रोडो जिथे जिथे मोठ्या माणसांच्या शेजारी पाठमोरा किंवा लांबून दिसतो तिथे अनेकदा तो किरण शाह आहे. दुसरा डीप रॉय, मूळ नाव मोहिंदर पुरबा, २००५ च्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'मधला प्रत्येक उंपालुंपा, म्हणजे कारखान्यात काम करणारा छोटा माणूस, तोच, १६५ जण, एकेक हालचाल पुन्हा पुन्हा करून. आणि आपल्या नागपूरची ज्योती आमगे, ६२.८ सेंटिमीटर, २०१४ मध्ये 'अमेरिकन हॉरर स्टोरी'च्या चौथ्या सीझनमध्ये होती, ज्याची प्रेरणाच मुळात 'फ्रीक्स'. नागपूर ते हॅरी अर्ल्स असा तो धागा जातो.

आज प्रश्न उलटा झालाय. 'स्नो व्हाइट' पुन्हा काढताय म्हणून कमी उंचीचा नट पीटर डिंक्लेजने २०२२ मध्ये सुनावलं, स्टुडिओने सात बुटके कॉम्प्युटरवर बनवले, आणि तेव्हा दुसरे कमी उंचीचे नट म्हणाले की अरे, हे सात रोल गेले ना आमचे! २०२३ मध्ये ह्यू ग्रँट उंपालुंपा झाला तेव्हाही तेच. मला डिंक्लेजचं म्हणणं पटतं, आणि ज्यांचे रोल गेले त्यांचंही पटतं, आणि स्टुडिओचं अजिबात पटत नाही, कारण त्यांनी या निमित्ताने पैसे वाचवले, त्या माणसांना वकील, शेजारी, मास्तर असे साधे रोल काही दिले नाहीत.

२० नोव्हेंबर २००७ ला हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध फूटपाथवर मंचकिनांच्या नावाचा तारा बसला, सिनेमा येऊन ६८ वर्षं झाल्यावर. तोवर हयात असलेले सात जण आले होते. रुथ डुचिनी, जेरी मॅरेन, मार्गारेट पेलेग्रिनी, माइनहार्ट राबे, कार्ल स्लोव्हर, क्लॅरन्स स्वेन्सन, मिकी कॅरोल. सगळ्यात शेवटी मॅरेन गेला, २०१८ मध्ये, वय ९८.

तर बघणार असाल तर असं बघा. लॉलीपॉप देणारे तिघं येतात त्यात मधला, लॉलीपॉप प्रत्यक्ष हातात देणारा, तो मॅरेन, तेव्हा १८ वर्षांचा. बॅलेचे कपडे घातलेल्या तिघी येतात, निता क्रेब्स, ओल्गा नार्डोन आणि इव्हॉन मोरे, त्यातली निता 'टायनी टाउन'मध्येही आहे. मेयर चार्ली बेकर. कागद घेऊन येतो तो राबे. आणि त्याआधी जमलं तर 'फ्रीक्स' बघा, ६४ मिनिटांचाच आहे, रात्री एकटे असाल तर मात्र दिवसा बघा, आणि हॅरीच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा, लग्नाच्या जेवणाच्या प्रसंगात सगळे गात असतात आणि त्याला कळत जातं की आपली बायको आपल्याला हसतेय. असा अभिनय त्या काळातल्या भल्याभल्या हिरोंनी केलेला मी पाहिलेला नाही.